घटस्थापना दोन दिवसांवर आणि चादरी अजून ओल्याच

घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, ही आमच्याकडची घरोघरची रीत आहे, आणि दर वर्षी नेमक्या त्याच दिवसांत माझा संताप अनावर होतो. सोलापूर म्हणजे उन्हाचे गाव, तेथे कपडे वाळण्याची कसली अडचण, असे बाहेरगावचे नातेवाईक विचारतात. एप्रिलमध्ये ते खरे आहे. परंतु आमच्याकडे वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि धुणे काढण्याची वेळही बहुधा तीच येते.

त्यात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड ज्या सकाळी येईल त्या सकाळी सगळे धुणे उरकावे लागते. आभाळ बघून दिवस निवडण्याची मुभा आम्हाला नाही. परवा पाणी आले तेव्हा स्वच्छ ऊन होते म्हणून मी सहा चादरी, चार टॉवेल आणि सगळे अभ्रे भिजवले. दुपारी आभाळ भरून आले आणि तेव्हापासून पावसाने उघडीप दिलेली नाही.

सोलापुरी चादर म्हणजे जाड, घट्ट विणीचे सूत. भिजल्यावर ती दोघांनी दोन टोके धरून पिळावी लागते, आणि एका दोरीवर दुहेरी टाकली तर वरून कोरडी लागते, पण घडीच्या आत ओल तशीच राहते. ती दोन दोऱ्यांवर पसरून मधून वारा खेळू दिला तरच वाळते. यासाठी लागते गच्ची, आणि आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे! दोऱ्यांमुळे इमारत विद्रूप दिसते, असे कारण समितीने दिले. सदनिकेला कपडे वाळवण्यासाठी म्हणून जी जागा दिली आहे ती दोन हात रुंद आहे आणि तिचे तोंड चारही बाजूंनी बंद असलेल्या डक्टकडे आहे, जेथे वारा फिरकत नाही आणि स्नानगृहांची वाफ मात्र येते. ज्या शहरातल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच शहरात घर बांधणाऱ्याला एक चादर पसरण्यापुरती जागा सुचू नये, याची मला मनापासून चीड येते.

वर सल्ले ऐकावे लागतात. धुताना सुगंधी द्रव टाका, कपाटात डांबरगोळ्या ठेवा. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, ओल नाही. सुगंधी द्रवाचा थर टेरी टॉवेलच्या फासांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. कुबट वास येतो तो ओलसर सुतात घामाच्या आणि साबणाच्या अंशावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे आणि बुरशीमुळे. त्यावर अत्तर शिंपडून काय होणार? सूत हवेतली ओलही धरते. ६५ टक्के आर्द्रतेतही १०० किलो कोरड्या सुतात सुमारे ८ किलो पाणी मुरलेले असते. मग या पावसाळी हवेत, पंख्याखाली दिवसभर ठेवलेली चादर हाताला कोरडी लागली म्हणून घडी घालून कपाटात ठेवली, की चौथ्या दिवशी तिच्यावर काळे ठिपके उमटतात. मागच्या वर्षी आईने लग्नात दिलेली चादर अशीच गेली. ते ठिपके कशानेही निघाले नाहीत.

आज तिसरा दिवस आहे. चादरी खुर्च्यांच्या पाठींवर आणि दारांवर पसरलेल्या आहेत, मुले आतल्या खोलीत सतरंजीवर निजली आहेत, पंखा तीन दिवस अखंड फिरतो आहे. किल्ली मागायला मी दोनदा खाली जाऊन आले. सभेत विषय मांडू, असे उत्तर मिळाले. सभा दसऱ्यानंतर आहे.