नव्वदचं दशक नक्की कुणासाठी शांत होतं?

हल्ली युद्धाची बातमी आली की खाली कुणीतरी हमखास लिहितं, नव्वदच्या दशकात जग किती निवांत होतं ना. लिहिणाऱ्यांचा मला राग नाही येत, सकाळी मोबाईल उघडला की ढिगाऱ्याखालून काढलेली लेकरं दिसतात, कुणाचाही जीव विटेल. पण शांत कुणासाठी होतं हो?

१९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, कितीतरी तर शेजाऱ्यांच्याच हातून. पुढच्या वर्षी बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा, यूएननं 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलेली जागा, तिथे आठ हजारांवर पुरुष आणि पोरं मारली. आणि बोस्नियाची राजधानी सारायेवो! १९८४ चं हिवाळी ऑलिम्पिक जिथे झालं तेच शहर, १९९२ पासून जवळजवळ चार वर्षं वेढ्यात होतं, लोक पाण्याचे कॅन घेऊन स्नायपरच्या भीतीनं चौक धावत ओलांडायचे, ऑलिम्पिकच्या स्टेडियमशेजारच्या मैदानात कबरी खणाव्या लागल्या. हे सगळं त्याच 'निवांत' दशकातलं. आपल्या आठवणीत ही माणसं नाहीतच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरीकडे ग्राफ टाकून 'जग सुधारतच चाललंय' म्हणणारे आहेत. लोकसंख्येच्या मानानं युद्धात मरणाऱ्यांचं प्रमाण १९५० च्या तुलनेत खूप खाली आलं, हे खरंय. पण युद्धांची मोजदाद ठेवणाऱ्या स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये किमान एका बाजूला सरकार असलेले ६१ संघर्ष चालू होते, १९४६ पासून इतके कधीच नव्हते. आणि २०२२ मध्ये रवांडाच्या त्या वर्षानंतरचे, म्हणजे १९९४ नंतरचे, सगळ्यात जास्त बळी गेले, त्यातला मोठा वाटा युक्रेनचा नव्हे तर इथिओपियातल्या टिग्रे प्रांताचा, जिथलं इंटरनेट आणि फोन सरकारनंच बंद पाडले होते, त्यामुळे आपल्या फीडवर ते फारसं आलंच नाही. म्हणजे कदाचित वीस वर्षांनी २०२२ सुद्धा कुणाला तरी शांत वाटेल.

मला जास्त टोचतं ते हे की मधल्या काळात आकडे खाली आले ते आपोआप आले असं दोन्ही बाजूंना वाटतं. शांतिसैनिक पाठवले गेले, मध्यस्थ महिनोन्‌महिने टेबलावर बसले, एकेक क्षेपणास्त्र मोजून कापलं गेलं. १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज १२ हजारांच्या आसपास आहेत, आणि ती कमी होण्यात अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह यांच्या १९८७ च्या क्षेपणास्त्र करारापासून झालेल्या वाटाघाटींचा मोठा हात आहे, एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करणाऱ्या माणसांचाही आहे. तो १९८७ चा करार २०१९ मध्ये मोडला. त्यानंतर अमेरिका आणि रशियाच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा २०१० चा एकच करार उरला होता, त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. जुन्या दिवसांसाठी हळहळणाऱ्या पोस्टी मी रोज वाचते, या मुदतीबद्दलची एकही पोस्ट माझ्या तरी वाचनात आली नाही.