क्रॉमवेलच्या नावावर खपवलेले घाव

इंग्लंडच्या नॉरफोक-सफोक भागातल्या कुठल्याही जुन्या चर्चचा फोटो टाका, खाली कुणीतरी हमखास लिहितंच : ‘या दगडी बाप्तिस्माकुंडावरच्या मूर्तींचे चेहरे ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैनिकांनी फोडले. दिसेल ते कुंड फोडलं, कडांचे तुकडे उडवले, छतावरच्या देवदूतांवर गोळ्या झाडल्या.’ गोष्ट झकास आहे आणि बरीचशी खोटी आहे.

आधी क्रॉमवेलचंच बघू. मूर्तिभंजनाच्या गोष्टींत दोन क्रॉमवेलांची सर्रास गल्लत होते. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस आणि शंभर वर्षांनंतरचा, राजाविरुद्धच्या यादवीत संसदेच्या बाजूने लढलेला सेनानी ऑलिव्हर. ऑलिव्हर हा थॉमसच्या बहिणीचा वंशज, नातं एवढंच. थॉमसचा शिरच्छेद १५४० साली झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १५४४ साली, वॉल्सोकनच्या चर्चमध्ये कॅथलिक चर्चचे सात संस्कार कोरलेलं नवं कोरं कुंड बसलं. म्हणजे या कुंडांवरचे घाव थॉमसच्या खात्यावरही टाकता येत नाहीत.

ही सात संस्कारांची कुंडं म्हणजे या भागाची खासियत. आठ बाजू. सातांवर बाप्तिस्मा, दृढीकरण, मिस्सा, पापनिवेदन, लग्न, गुरुदीक्षा आणि मरणाऱ्याला तेल लावण्याचा विधी. आठवीवर बहुतेकदा येशूचा बाप्तिस्मा किंवा क्रूस. बहुतेक पंधराव्या शतकातली. ईस्ट डिअरहॅमचं १४६८चं. आज चाळीसेक उरलीत आणि केंटमधलं फार्निंगहॅम, सॉमरसेटमधलं नेटलकम ही दोन सोडली तर सगळी नॉरफोक-सफोकमध्येच.

मग चेहरे कुणी तासले? १५४७ साली प्रॉटेस्टंट वळणाचा सहावा एडवर्ड गादीवर आला, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकायचे हुकूम निघाले, आणि पुढे इंग्लंडच्या चर्चने सातांपैकी दोनच संस्कार मानले : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (वरच्या यादीतला मिस्सा). उरलेल्या पाचांचं कोरीवकाम एका फटक्यात अडचणीचं झालं. पण कुंड तर हवंच, त्याशिवाय गावातल्या पोरांचा बाप्तिस्मा कसा होणार? १५६१ साली एलिझाबेथने उलट हुकूमच काढला की कुंड जागेवरून हलवायचं नाही, त्याऐवजी परात ठेवायची नाही. तेव्हा मधला मार्ग निघाला : पुढे आलेली डोकी छाटा, हवं तर वरून गिलावा मारा, कुंड वापरात ठेवा. लॉडनचं कुंड बघा. पायऱ्या शाबूत, आठही कोन शाबूत, मूर्ती मात्र साफ तासलेल्या. त्याच चर्चच्या हिशेबात १६४२ साली मूर्ती विद्रूप करण्याबद्दल एका काच-कारागिराला पैसे मोजल्याची नोंद आहे. गावानेच नेमलेला, मजुरी घेऊन गेलेला माणूस. यात पलटण कुठे आली?

‘दिसेल ते फोडलं’ हा तर मला सगळ्यात कच्चा मुद्दा वाटतो, कारण फोडणाऱ्याची रोजनिशीच हाताशी आहे. विल्यम डाउसिंग हा सफोकचाच शेतकरी. चर्चमधल्या मूर्ती-चित्रं मोडायचं अधिकारपत्र त्याला दिलं संसदेच्या फौजेचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर याने, डिसेंबर १६४३मध्ये. ऑलिव्हर तेव्हा त्याच अर्लच्या हाताखाली होता, देशाचा कारभारी व्हायला अजून दहा वर्षं होती. डाउसिंग केंब्रिजशायर आणि सफोकची अडीचशेवर चर्चं फिरला आणि काय काय मोडलं ते लिहीत गेला. त्याने काचा, क्रूस, पितळी लेख भरपूर मोडले, त्यात शंका नाही. पण उफर्डला कुंडावरचं उत्तुंग लाकडी झाकण बघून त्याने लिहिलं की ते ‘ग्लोरियस’ आहे, पोपच्या तिहेरी मुकुटासारखं, टोकाला स्वतःची छाती टोचणारा पेलिकन पक्षी, सगळं सोन्याने मढवलेलं. आणि ठेवून दिलं. त्याच गावाने त्याला दोन तास चर्चची किल्लीही दिली नव्हती! झाकण अजून तिथेच आहे. डाउसिंगच्या जन्मगावी, लॅक्सफिल्डला, सात संस्कारांचंच कुंड आहे. तेही जागेवर आहे.

कडेच्या तुकड्यांचं कारण तर अगदी साधं. बाप्तिस्म्याचं पाणी जादूटोण्यासाठी चोरलं जाऊ नये म्हणून कँटरबरीच्या आर्चबिशपने १२३६ साली कुंडांना झाकण आणि कुलूप लावायला सांगितलं. त्यासाठी कडेच्या दगडात लोखंडी कड्या ठोकल्या गेल्या. पुढे त्या उपटताना कपचे निघाले. समोरासमोर दोन जागी कड तुटलेली किंवा डागडुजी केलेली दिसली, तर आधी कुलपाचा विचार करावा.

छतावरच्या गोळ्या? ब्लिथबरोच्या देवदूतांत सापडलेले छर्रे अठराव्या शतकातले निघाले. चर्चमध्ये उच्छाद मांडणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचे छोटे भाऊबंद, मारायला दारू आणि छर्ऱ्यांचा खर्च गावाच्या हिशेबात आहे.

दाव्यात थोडं तथ्य आहे ते असं : १६४५च्या नव्या उपासनापद्धतीने जुन्या कुंडांच्या जागी बाप्तिस्मा द्यायला मनाई केली, तेव्हा काही कुंडं खरोखर उखडून बाहेर फेकली गेली. १६६०ला राजेशाही परतल्यावर त्यांच्या जागी नवी बसली आणि त्यातल्या कित्येकांवर साल कोरलेलं आहे. क्रॉमवेलच्या काळाच्या खुणा हव्या असतील तर ती साधी, नक्षी नसलेली कुंडं शोधा.