‘फॉर्च्युनरच्या निम्म्या पैशात एस-क्लास’वाल्या मेसेजचं काय करायचं?

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: नवी फॉर्च्युनर घेणारे वेडे आहेत, तिच्या निम्म्या पैशात दहा-अकरा वर्षांची मर्सिडीज एस-क्लास येते. गाडी कमी चाललेली असते, जर्मन इंजिन मरत नाही, चाकणला बनते म्हणून पार्टची चिंता नाही, विमा असतोच, आणि किंमत पडायची तेवढी पडून गेलेली असते.

किंमतीचं आधीच मान्य करतो. २०१४ साली कोटीच्या वर असलेली डिझेल एस ३५० आज खरंच त्या भावात मिळते, आणि तिच्या मागच्या सीटचं सुख फॉर्च्युनरवाल्याच्या नशिबात नाही. भांडण पुढच्या वाक्यांशी आहे.

‘कमी चाललेली’ ही या गाडीत फारशी जमेची बाजू नाही. ती एअरमॅटिकवर उभी असते, म्हणजे चारी कोपऱ्यांत रबराचे हवा भरलेले फुगे आणि त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. फुग्याला बारीक चीर गेली की हवा सुटत राहते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणून गाडी बघायला गेलात की नुसती एक फेरी मारून भुलू नका. संध्याकाळी ती सपाट जागेवर लावा, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि सकाळी, सुरू करण्याआधी, पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसलेला दिसला तर काम निघालं. रात्रभर थांबायला विक्रेता का-कू करत असेल, तर मी तरी पुढे बोलणार नाही. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी तो टायर जुनाच.

इंजिन मरत नाही, हे एकवेळ धरून चालू. तीन लिटरचं ते व्ही-६ डिझेल दणकट आहे. पण सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, पार तळाशी, ऑइल कूलर बसवलाय आणि त्याची सीलं वयोमानाने गळतात. सील स्वस्त असतं. तिथवर हात पोचायला मात्र टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागतात, त्यामुळे मजुरी सीलच्या कित्येक पट होते.

चाकणचं म्हणाल, तर तिथे गाडी जोडली जाते. सुटे भाग बहुतेक बाहेरून येतात, आणि तुम्ही गाडी कितीला घेतलीत याच्याशी पार्टच्या दरपत्रकाला काही देणंघेणं नसतं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी मुळात दीड रुपयाची, ती तुम्हाला चार आण्यांत मिळाली, मसाला दीड रुपयाच्याच हिशेबाने पडतो.

‘विमा असतोच’ या वाक्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. एवढ्या जुन्या गाडीला झीरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर तर वय न बघता ५० टक्के. या मॉडेलमध्ये साधा बल्ब एकही नाही, सगळे एलईडी. रिक्षाने कोपरा घासला आणि हेडलाइट फुटला, तर बहुधा अख्खं युनिटच बदलावं लागतं आणि निम्मे पैसे तुमचे. त्याहून मोठी गोम पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. वीस लाखांच्या आयडीव्हीवर ती रेषा पंधरा लाखांना येते. पुलाखालच्या पाण्यात गाडी एकदा नीट बुडाली की नव्या पार्टच्या भावात पंधरा लाख व्हायला वेळ लागत नाही.

किंमत आणखी पडणार नाही, हेही कोणी छातीठोक सांगू नये. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने टाच आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं, नंतर पुन्हा बरंच पुढे-मागे झालं. तिकडच्या पडेल भावांमागे हेही एक कारण आहे. दिल्लीची गाडी आणणार असाल तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला एकरकमी कर आधी धरा. तो कर गाडीच्या मूळ किमतीवरून, वयानुसार सूट देऊन काढतात. तुमच्या सौद्याचा आकडा तिथे चालत नाही.

दारात दुसरी गाडी आहे, बाजूला चार-पाच लाख पडून आहेत आणि एस-क्लासच हवी, अशांना मी अडवणार नाही. बाकीच्यांना मागची सीटच हवी असेल, तर २०१७ नंतरची लांब ई-क्लास बघा, ई २२० डी. चार सिलिंडरचं डिझेल, साध्या स्टीलच्या स्प्रिंगा, ३,०७९ मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. पाय तिच्यातही पसरतात.