आपल्याकडे एक पासपोर्ट सोडावाच लागतो

मोरोक्कोचा फुटबॉलपटू हकिमी, त्याने जन्माचा देश सोडून आईवडिलांचा देश निवडला, त्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते एकदम पटलं. स्पेनमध्ये माद्रिदला जन्मला, तिथल्याच रेआल माद्रिद क्लबच्या अकॅडमीत वाढला आणि तरी आईवडिलांच्या मोरोक्कोकडून खेळला, 2022 च्या वर्ल्डकपला स्पेनविरुद्धची निर्णायक पेनल्टी पण त्यानेच मारली, गोली बाजूला झेपावला आणि बॉल हळूच मधून आत, मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे काका बघायला आले. त्या टीममधल्या 26 पैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते.

पण आपल्या इंडियाकडून खेळलेला फुटबॉलपटू अराता इझुमी किती जणांना आठवतो? आई जपानी, वडील भारतीय. तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेड क्लबला होता तेव्हा बाबा मला कूपरेज मैदानावर न्यायचे, चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने चालत, हातात खाऱ्या शेंगदाण्याची पुडी. कसाही पास येऊ दे, पहिल्या टचला बॉल पायाशी गप्प बसायचा त्याच्या. बाबा मला कोपराने ढोसून म्हणायचे, "पाय बघ त्याचे, पाय."

हकिमीला दोन्ही देश ठेवता आले. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) इंडियाकडून खेळता येत नाही, म्हणून इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं, आणि 2013 मध्ये इंडियाकडून पहिली मॅच खेळला तेव्हा तिशी गाठली होती हो त्याने! मोजक्याच मॅच मिळाल्या. पंचविशीत मिळाला असता तर काय खेळला असता, मला अजून हळहळ वाटते.