नुसत्या निषेधाने भागत नाही
'लोकांनी आवाज उठवला की कायदे बदलतात' असं सांगणारा एक लेख वाचला; त्यातलं हे वाक्य अर्धंच खरं आहे. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून दिवसभर बंद राहिला आणि अमेरिकेतलं 'सोपा' (SOPA) हे इंटरनेटवरच्या चाचेगिरीविरुद्धचं विधेयक बारगळलं, मान्य. पण ते वाईट कायदा अडवणं झालं. चांगला करून घ्यायचा तर खासदारांच्या हाती नेमका मजकूर द्यावा लागतो.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातलं कलम १४ बघा: हक्क संपलेल्या चित्राच्या हुबेहूब फोटोवर नवा हक्क सांगता येत नाही. जुन्या चित्रांचे फोटो मुक्त संग्रहात (कोणीही वापरावेत अशा ऑनलाइन साठ्यात) चढवताना 'सर्व हक्क राखीव' ही ओळ मला कायम आडवी यायची, चित्रकार जाऊन शतक उलटलं तरी! हा गुंता मोर्चाने सुटत नाही. मसुद्यातल्या शब्दाशब्दावर चिकाटीने भांडणाऱ्यांचा लेखात साधा उल्लेखही नाही.