प्लॅटिनम मिळालं खरं, पण माल घेतला कुणी?

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळींत एक पोस्ट पुन्हा फिरायला लागली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना विक्रीचा चार्ट काढते, प्लॅटिनम म्हणजे दहा लाख लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेला अल्बम, ईगल्स या बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह 38 प्लॅटिनम, म्हणजे तो 3 कोटी 80 लाख घरांत आहे, आणि ज्याला संघटनेची मानाची तबकडी नाही ते गाणं चाललंच नाही.

चार्टचं आधी उरकतो. संघटना म्हणजे आरआयएए, 1952 सालची. ती चार्ट काढत नाही; विक्रीबद्दल मानाची तबकडी देते, 1958 पासून गोल्ड आणि 1976 पासून त्याहून वरची प्लॅटिनम. आठवड्याची क्रमवारी लावतं ते बिलबोर्ड, आणि ते नियतकालिक आहे. 1991 पर्यंत त्यांची भिस्त दुकानदार काय सांगतील त्यावर असे. मग गल्ल्यावरच्या बारकोडचे आकडे आले.

आता 'दहा लाख लोकांनी घेतला'. संघटना मोजायची कंपनीने दुकानांकडे धाडलेला माल, परत आलेला वजा करून. मात्र परत यायला वेळ लागतो, आणि तबकडी तोवर भिंतीवर लागलेली असते. 1978 मध्ये किस या बँडच्या चौघांचे चार स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी आले. चारही प्लॅटिनम! नंतर खोक्यांमागून खोकी परत आली आणि कव्हरचा कोपरा कापून स्वस्तातल्या टोपल्यांत गेली. तसा कोपरा उडवलेलं कव्हर कधी हाती लागलं, तर समजायचं की हा न खपलेला माल.

त्याहून मासलेवाईक प्रकरण 2013 चं. रॅपर जे-झीच्या नव्या अल्बमच्या दहा लाख प्रती सॅमसंगने एकगठ्ठा घेतल्या आणि आपल्या फोनवाल्यांना फुकट वाटल्या. संघटनेने डिजिटल विक्रीला तबकडी देण्याआधी 30 दिवस थांबण्याची अट काढून टाकली आणि लगेच प्लॅटिनम दिलं. बिलबोर्डने मात्र त्या दहा लाखांतली एकही प्रत धरली नाही. एकच अल्बम, दोन वह्या. श्रोत्याने पैसे मोजले का, एवढाच प्रश्न असेल तर मला बिलबोर्डचं पटतं.

ईगल्सच्या 38 चं काय? 2006 मध्ये ते 29 होते, 2018 मध्ये 38 झाले. मधल्या काळात, 2016 पासून, संघटना 1500 वेळा ऐकलेली गाणी एक अल्बम धरू लागली. म्हणजे त्या 38 त मोबाइलवर ऐकणंही आलं. घरांची शिरगणती त्यातून कशी निघणार? पिंक फ्लॉइड या बँडचा 'द वॉल' हा अल्बम 23 प्लॅटिनम आहे, पण त्यात तबकड्या दोन आणि मोजल्या सुट्या. संच भरतात 1 कोटी 15 लाख.

राहिलं 'तबकडी नाही म्हणजे चाललं नाही'. तबकडी आपोआप येत नाही. कंपनीने अर्ज करायचा, फी भरायची, हिशेबाच्या वह्या तपासनिसासमोर ठेवायच्या. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला साठच्या दशकात नेमकं हेच नको होतं. त्यांच्या सुप्रीम्स या गायिकांच्या गटाची बारा गाणी 1964 ते 1969 या काळात बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकाला गेली, आणि त्या वर्षांत संघटनेची गोल्ड तबकडी त्यातल्या एकाही गाण्याला मिळाली नव्हती.