वर्गणी आणि कंदील

भाद्रपद जवळ आला की साताऱ्याच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तोच वाद पेटतो. डीजे बंद करा म्हणणारे एकीकडे, ‘आमच्याच सणाला कायदा आठवतो का?’ म्हणणारे दुसरीकडे. २०२५ साली सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव केलं, तेव्हा तर तीन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मी जर्मनीत ऱ्हाइनकाठी राहतो म्हणून दोन्ही बाजू मला साक्षीला ओढतात. ‘सांग ना, तुमच्याकडे कशी शिस्त असते!’

नियम म्हणाल तर जवळपास तेच आहेत. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र दहा ते सहाचीच. फक्त वर्षातले काही दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. मग फरक कुठे पडतो?

नोव्हेंबरात, ११ तारखेच्या आसपास, इथे संत मार्टिनची मिरवणूक निघते. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा हा रोमन शिपाई. पुढे घोड्यावर मार्टिन, मागे गावचा बँड आणि शाळेत केलेले कागदी कंदील घेऊन गात चाललेली पोरं. एका वर्षी दारात एक आजोबा डबा घेऊन उभे. मुलांना वाटायच्या गोड पावांसाठी पैसे जमवत होते. म्हणजे वर्गणीच की! पाच युरो दिले, तर विचारतात कसे, ‘संध्याकाळी मोकळे आहात का?’

त्या संध्याकाळी मी पिवळं जाकीट घालून कोपऱ्यावर गाड्या अडवत होतो. सोबत आमच्या गल्लीतला प्लंबर. तो गावच्या अग्निशमन दलातही आहे, बिनपगारी. इथल्या लहान गावांत बंब गावकरीच चालवतात. चार वर्षं आमचं बोलणं ‘मॉर्गन’च्या, म्हणजे सकाळच्या नमस्काराच्या, पुढे गेलं नव्हतं. रिमझिम पावसात दोन तास सोबत उभं राहिल्यावर तो पुढच्या वर्षी आमच्या गणपतीला आला, मोदक खाऊन गेला आणि हॉलचा तुंबलेला सिंकही काढून दिला.

आमचा, म्हणजे इथल्या मराठी मंडळींचा, गणपती चतुर्थीजवळच्या शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. केटरर परवडत नाही, म्हणून उकड आम्हीच फसवतो. हॉल पुसून परत द्यावा लागतो, तेव्हा मोठ्या हुद्द्यावरची माणसंही फडकं हातात घेतात. पण याचा गर्व नको. आम्ही सगळे साधारण एकाच पगाराचे, एकाच शिक्षणाचे. साताऱ्यात ट्रक उतरवणारा पोरगा मंडळाचा अध्यक्ष होतो. आमच्याकडे तो येणार कुठून?

माझं म्हणणं एवढंच, की वर्गणी किती यापेक्षा पावती फाडल्यावर घरात काही काम येतं का, ते बघा. आमच्या लहानपणी यायचं: पताकांना खळ लावा, प्रसादाची पाळी सांभाळा. आता मांडव कंत्राटदाराचा, कमान जाहिरातदाराची. शेजाऱ्याने फक्त पैसे द्यायचे आणि भिंती हादरताना ऐकायच्या. तो तक्रार करणारच.

हे गटावर लिहिलं, तर धाकट्या काकांचं उत्तर आलं, ‘तिथून बोलायला काय जातं? रात्री दोन वाजता मांडवात राखणीला बसून दाखव.’

रजेचा अर्ज टाकलाय.